दिशा नसलेलं क्रियापद

१

दिवाळीच्या सुमारास आमच्या घरात पहिल्या वेचणीचा कापूस येतो. मागच्या खोलीत तो छतापर्यंत रचला जातो आणि दाराजवळ एक माणूस बसेल एवढीच जागा उरते. तिथं स्टूल टाकून, दार लावून मी माझं काम करते. अंगाला खाज सुटते, घाम येतो, पण तशी जागा दुसरी नाही. बाहेर ट्रॅक्टर चालला तरी आत ऐकू येत नाही. आपण बोललेला शब्द तोंडातून निघतो आणि समोरच्या ढिगात मुरून जातो. पडसाद म्हणून काही उरत नाही.

पुण्यातली एक लहानशी संस्था लोकांना घरबसल्या लॅटिन शिकवते. तिच्यासाठी मी ध्वनिपाठ तयार करते. एका पाठात एक क्रियापद. आधी त्याची लॅटिन रूपं, मग ते कुठून आलं त्याचा माग. इटलीतल्या जुन्या बोली, त्यांच्या मागची एक हरवलेली भाषा, तिच्याही मागची त्याहून हरवलेली. या भाषा कुणी लिहून ठेवल्या नाहीत. पतवंडांचे चेहरे पाहून पणजोबांच्या नाकाचा अंदाज बांधावा, तसे अभ्यासकांनी त्यांचे शब्द मागाहून घडवले आहेत. अशा शब्दाआधी एक छोटी चांदणी काढतात. चांदणी म्हणजे, हा शब्द कुणी ऐकलेला नाही.

"मेलेल्या लोकायची भाषा शिकून तुह्ये पोट्टे करतेत काय, बाई?" माझ्या सासूबाई, तानुबाई, एकदा म्हणाल्या होत्या. मी हसले होते.

आमचं घर मोताळ्याच्या बाहेर, रस्त्यापासून आत, वावरातच आहे. स्लॅबचं साधं घर. पुढं व्हरांडा, लोखंडी पत्र्याचं दार, दारासमोर सोयाबीनचं वावर आणि त्याच्या पलीकडे पऱ्हाटी, म्हणजे कापसाचं उभं पीक. घरात सासूबाई, सासरे किसनराव आणि मी. माझा नवरा शेखर खामगावला एका जिनिंग कारखान्यात आहे. कापसाच्या हंगामात तो तिकडेच राहतो, रविवारी येतो.

त्या आठवड्यात माझ्याकडे 'वेनिरे' हे क्रियापद होतं. वेनिरे, म्हणजे येणं.

सोपं वाटलं होतं. मागं जाऊ लागले तसं ते सरकायला लागलं. इटलीतल्या शेजारच्या बोलीत त्याचा 'व' नाहीसा होऊन 'ब' होतो. ग्रीकमधला त्याचा भाऊ येत नाही, नुसता चालतो. लिथुआनियात त्याचा अर्थ जन्मणं. आपल्याकडे तो 'गम्' झाला, म्हणजे जाणं. एकाच पोटातून निघालेला एक भाऊ येतो आणि एक जातो. सगळ्यांच्या मुळाशी चांदणीवाला एक धातू आहे. 'ग' म्हणताना ओठ गोल करायचे, मग 'एम्'. ग्वेम्. त्याचा अर्थ फक्त पाऊल टाकणं. कुठं, ते त्यात नाही.

मराठीपाशी मी आले तेव्हा जरा थबकले. 'गेला' हा 'गत'वरून आला. आणि 'आला' हा 'आगत'वरून. दोन्ही तोच धातू. पुढचा तो 'आ' सोडला तर आपल्या बोलण्यात आलेला आणि गेलेला माणूस एकच आहे.

पाठाला शेवट छान मिळाला, असं मला वाटलं.

२

रेकॉर्डिंग सकाळी केलं. लॅटिन रूपं, मग चांदणीवाली रूपं, एकेक दोनदा, सावकाश, मध्ये थांबून. विद्यार्थ्यांना मागून म्हणता यावं म्हणून.

जेवण झाल्यावर फोनचे इअरफोन कानात घालून ऐकायला बसले. माझा आवाज नेहमीसारखा सपाट, कोरडा. वेनिओ. वेनिस. वेनित. सगळं ठीक. 'ग्वेम्'पाशी मी रेकॉर्डिंग मागं नेलं. पुन्हा ऐकलं.

पडसाद होता.

कापसाच्या खोलीत पडसाद. फार बारीक, लांबून आल्यासारखा. दार नीट लागलं नसेल, मी स्वतःशी म्हटलं. पण मग आणखी एकदा ऐकलं आणि माझ्या लक्षात आलं की ते बारीक 'ग्वेम्' माझ्या 'ग्वेम्'च्या नंतर येत नव्हतं. ते आधी येत होतं. आधी ते लांबचं, मग श्वासभर शांतता, मग मी. जणू कुणीतरी म्हणून दाखवलं आणि मी मागून म्हटलं.

फोनचा दोष असतो असा. आवाज दाबून साठवताना कधी कधी पुढचा मागं उमटतो, हे मी कुठंतरी वाचलेलं होतं. मी तेच धरून बसले. दुसऱ्या दिवशी दार नीट लावलं, फटीत कापूस कोंबला आणि पुन्हा रेकॉर्ड केलं.

या वेळी ते आधीचं 'ग्वेम्' जरा मोठं होतं. आणि एक गोष्ट होती, जी मी शेखरला फोनवर सांगितली नाही. माझा 'ग' चुकत होता. मी ओठ उशिरा गोल करत होते. त्याचा बरोबर होता.

३

माझ्या दिराचं नाव गोकुळ. चार वर्षांपूर्वी तो मोताळ्याच्या बाजाराला म्हणून निघाला. गाडी दारातच ठेवली, पायवाटेनं पऱ्हाटीतून गेला. लहानपणी बैलबंडीवरून पडून त्याचा पाय मोडला होता, तो नीट बसलाच नाही. चालताना एक पाऊल टप् पडायचं आणि दुसरं सर्र करत मागून ओढलं जायचं. आई, म्हणजे सासूबाई, व्हरांड्यात शेंगा फोडत होत्या. त्यांनी त्याची पाठ पाहिली, निळ्या चौकड्यांचा शर्ट, पऱ्हाटीत शिरेपर्यंत. तो बाजारात कुणाला दिसला नाही. धरणात गळ टाकून पाहिले, विहिरी उपसल्या, पोलीस आले, मुंबई-सुरतेपर्यंत शोध झाला. काही नाही. भांडण नव्हतं, प्रेमाबिमाचं काही नव्हतं.

बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यानंतर त्याचं नाव घेणं सोडलं. आईंनी संध्याकाळी पऱ्हाटीकडे तोंड करून बसणं धरलं.

दुसऱ्या रेकॉर्डिंगच्या दिवशी मी खोलीतून बाहेर आले तर आई व्हरांड्यात उभ्या होत्या. हातातलं सूप तसंच होतं, त्यातले तांदूळ एका बाजूला सांडत होते.

"काय झालं, आई?"

"तू आत काय म्हणून राह्यली होतीस?"

"पाठ करत होते. का?"

"थो शब्द. शेवटचा." त्यांनी ओठ गोल केले, पण म्हटला नाही. "तू म्हटला अन् वावरात पाय वाजले."

"कुणाचे?"

त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मला विचारल्याची लाज वाटली.

"सोंगणी झालेल्या वावरात उंदीर पळतात, आई. बांधावरचं गवत सुकलंय, पानं वाजतात."

"उंदीर पाय वढत नाई," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. दुपारचं ऊन होतं. सोयाबीन काढून झालेलं, नुसते खुंट उरलेले. त्यापलीकडे पऱ्हाटी, बोंडं फुटून पांढरी झालेली. काही हललं नाही. मी आत वळणार तेवढ्यात ऐकू आलं. उन्हात सुकलेल्या जमिनीवर, लांब, पऱ्हाटीच्या आत.

सर्र, टप्.

थोडं थांबून पुन्हा. सर्र, टप्.

मी ऐकत राहिले, कारण ते बरोबर नव्हतं. गोकुळचं पाऊल आधी पडायचं आणि पाय मागून ओढला जायचा. टप्, सर्र. लग्नानंतर दीड वर्ष मी ते ऐकलेलं. हे उलटं होतं. आधी ओढलेला पाय, मग पाऊल. आणि ते जवळ येत होतं की लांब जात होतं, हे कितीही कान दिला तरी मला सांगता येईना. आवाज वाढतही नव्हता, कमीही होत नव्हता. चालणं मात्र चालू होतं.

४

रविवारी शेखर आला. गाडीचा आवाज आला, कुत्रं शेपूट हलवत पुढं धावलं. बाबा व्हरांड्यात बसले होते. ते आत डोकावून म्हणाले, "सूनबाई, चहा ठेव. शेखर गेला."

"आला, बाबा," मी म्हटलं.

"हाव, तेच म्हनतो. गेला."

शेखर बूट काढत होता. त्यानं ऐकलं आणि हसला. बाबांचं वय झालं, जीभ घसरते. पण बाबा हसले नाहीत. ते दोन बोटांनी ओठ चाचपत होते, दाढ दुखल्यावर माणूस चाचपतो तसे.

जेवताना त्यांनी तोच घोळ आणखी केला. वीज आली तेव्हा "गेली" म्हणाले. शेजारचे भगवानराव अमडापूरला लेकीकडे गेलेत हे सांगताना "आले" म्हणाले. ताट तसंच ठेवून उठले.

मी शेखरला मागं नेलं आणि सगळं सांगितलं. पडसाद, पाय, बाबांची जीभ. तो भला माणूस आहे. त्यानं मध्ये तोडलं नाही.

"पुष्पा, तू दिवसभर त्या कोंदट खोलीत बसतेस," तो म्हणाला. "आई चार वर्षं पाय ऐकतेच आहे. तुला आता ऐकू आले, कारण तुझ्या डोक्यात ते क्रियापद आहे."

"आणि बाबा?"

"बाबांना मंगळवारी बुलढाण्याला डॉक्टरकडे घेऊन जातो."

ते सगळं शहाणपणाचं होतं. मला ते हवंच होतं. मी फोनमधली दोन्ही रेकॉर्डिंग त्याला ऐकवली. तो डोळे मिटून ऐकत राहिला. मग त्यानं कानातलं काढून मला परत दिलं.

"पाठात तू गोकुळला कशाला घेतलंस?" त्यानं विचारलं.

"काय?"

"आधीचा आवाज. गोकुळसारखा काढलास तू." त्याचा चेहरा उतरला होता. "पुन्हा नको करू. आईच्या कानावर पडलं तर?"

मी दोन्ही रेकॉर्डिंग त्याच्यासमोर पुसली. संस्थेला कळवलं की तब्येत बरी नाही, 'वेनिरे'चा पाठ दुसऱ्या कुणाला द्या. शेखर संध्याकाळी खामगावला परतला. निघताना त्याची पाठ पाहायला मी थांबले नाही.

५

मी तो शब्द सोडला, पण आईंनी सोडला नाही.

सोमवारी मी कपडे वाळत घालत होते. घराच्या पुढून आईंचा आवाज आला. वासराला बोलावताना ओठांचा चंबू करून जसा आवाज काढतात तसा, मऊ, लाडिक. जवळ गेल्यावर शब्द कळला. त्या वावराच्या कडेला उभ्या राहून तो धातू म्हणत होत्या. त्यांना चांदणीबिंदणी काही माहीत नव्हतं. एका दाराआडून त्यांनी तो ऐकला होता. आणि त्यांचा 'ग' बरोबर होता. ओठ अगदी वेळेवर गोल होत होते.

मी त्यांचा हात धरला. "आई, नका म्हणू तो."

"काऊन?"

"मला माहीत नाही. पण नका. हाक मारायची तर 'ये' म्हणा. 'ये' वेगळा आहे, 'जा' पण वेगळा आहे, ते या शब्दाचे कुणी नाहीत." मी काय बोलत होते मलाच कळत नव्हतं. व्याकरण सांगत होते मी, लेक हरवलेल्या बाईला, भर वावरात.

"ये म्हनून चार वर्सं हाका मारल्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "आला का?"

मी त्यांचा हात आणखी घट्ट धरला.

"तुह्या या शब्दानं पाय तरी वाजले. आता सोड."

"ते पाय उलटे पडतात, आई. तुम्ही ऐकलं नाही का? आधी ओढतो, मग टेकवतो."

"थकला असन पोट्टा," त्या म्हणाल्या.

बाबा त्या दिवशी कुठं बाहेर पडले नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मी चहा नेला तेव्हा म्हणाले, "सूनबाई, तिले म्हनावं बास कर." मग हळूच, "मले बी आयकू येते."

६

मंगळवारी शेखर बाबांना दवाखान्यात न्यायला दुपारनंतर येणार होता. ऊन उतरायला लागलं होतं, पण लख्ख होतं. आई सकाळपासून व्हरांड्यात. मी आत भाकरी करत होते. त्यांचं ते मऊ बोलावणं ऐकू येत होतं आणि मी मुद्दाम थापण्याचा आवाज मोठा करत होते.

मग बोलावणं थांबलं.

मी पीठ लागलेल्या हातानं बाहेर आले. आई उभ्या होत्या, खांबाला धरून. पऱ्हाटीतून कुणीतरी सोयाबीनच्या मोकळ्या वावरात आलेलं होतं.

निळ्या चौकड्यांचा शर्ट. उन्हानं धुऊन नेल्यासारखा फिका पडलेला. मानेवर केस वाढलेले. त्याची पाठ आमच्याकडे होती. पाठ आमच्याकडे असलेला माणूस लांब जातो, म्हणून मला वाटलं, जातोय. मला बरंही वाटलं, हे खरं सांगते. पण दोनदा डोळे मिटून उघडले तरी तो लहान होईना. शर्टाच्या चौकड्या आता मोजता येत होत्या. तो पाठमोरा होता आणि जवळ येत होता.

सर्र, टप्. पाय मागं ओढायचा, मग दुसरा मागं टेकवायचा.

"गोकुळ!" आई खांब सोडून पुढं झाल्या. "अवं पाह्य ना, आला! माहा गोकुळ आला!"

तो वळला नाही. मान इकडची तिकडे झाली नाही. पऱ्हाटीकडे बघत, मागच्या मागं, अंदाजानं पाय टाकत तो येत होता. मागं न बघता माणूस एवढा वेळ का चालेल, असं माझं मन विचारत होतं. आणि मग ते कळलं. लहानपणी आमच्या अकोल्याच्या गल्लीत एक पिसाळलेलं कुत्रं शिरलं होतं. वडील असेच घराकडे मागं मागं आले होते. कुत्र्यावरची नजर न काढता.

गोकुळ आमच्याकडे येत नव्हता. तो कशापासून तरी मागं सरत होता.

मी त्याच्या पलीकडे पाहिलं. पऱ्हाटीत वारा नव्हता. एका रुंद पट्ट्यात मात्र बोंडं हलत होती आणि तो पट्टा वावराच्या कडेपर्यंत आलेला होता. त्याच्या आजूबाजूची सगळी झाडं निश्चल.

तेवढ्यात गोकुळनं हात मागं केला. कमरेपाशी, पंजा आमच्याकडे करून, बोटं हलवली. एकदा, मग पुन्हा, घाईनं.

"बोलावून राह्यला मले!" आई पायरी उतरल्या.

मी त्यांना मागून मिठी मारली. "नाही, आई. हाकलतोय. आत जा म्हणतोय."

"बोलावते थो! सोड मले!"

समोरून बघावं तर तो हात 'या' म्हणत होता. त्याच्या बाजूनं बघावं तर 'जा' म्हणत होता. आजही मी आरशासमोर पाठ करून तसा हात हलवून पाहते आणि मला ठरवता येत नाही. त्या क्षणी मात्र मी ठरवलं. आईंना ओढत आत आणलं. त्यांनी माझ्या हाताला चावा घेतला, तरी आणलं. बाबा खाटेवरून उठून दाराशी आले होते. त्यांनी बाहेर एकदा पाहिलं, पत्र्याचं दार ओढलं आणि कडी घातली.

७

घरात अंधारल्यासारखं झालं. बाहेर ऊन होतं, दाराच्या फटीतून त्याची रेघ आत पडली होती.

सर्र, टप्. आता जमिनीवर नाही, व्हरांड्याच्या फरशीवर.

मग थांबलं. फटीतली रेघ गेली. कुणीतरी दाराला टेकलं.

पत्रा आत आला. डप्प असा आवाज झाला आणि त्यात दोन खांदे उमटले, त्यांच्यामध्ये पाठीची पन्हाळ. वर, डोकं असतं तिथं, एक लहान फुगवटा. तो माणूस आमच्या दाराला पाठ लावून उभा होता आणि पाय रोवून मागं रेटत होता. आत यायला नाही. ज्याला आत यायचं असतं तो कडी वाजवतो, हाक मारतो, तोंड दाराकडे करतो. हा दार धरून उभा होता.

आई माझ्या हातातून कधी सुटल्या कळलंच नाही. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे धावल्या. तिथून व्हरांडा बाजूनं दिसतो. मी त्यांच्या मागं गेले नाही. 

बाबांनी पंजा उचलला आणि पत्र्यातल्या त्या खांद्यावर ठेवला. मुलगा लहान असताना झोपवायला ठेवतात तसा.

"हालून राह्यला," ते पुटपुटले. "श्वास घेते."

बाहेर आणखी काहीतरी व्हरांड्याशी आलं. त्याला पावलांचा आवाज नव्हता. पायरीवरची कुंडी उलटली, फरशीवरून घरंगळली आणि मध्येच थांबली. आमच्या कुत्र्यानं एकदाच आवाज काढला, तो भुंकण्याचा नव्हता. गोकुळची पाठ पत्र्यात आणखी रुतली. बिजागरीतून चुना गळाला.

आणि मग ते बारीक 'ग्वेम्' आलं. रेकॉर्डिंगमधलं, लांबचं, बरोबर 'ग'चं. पण या वेळी ते गोकुळच्या आवाजात नव्हतं. आईंच्या आवाजात होतं, वासराला बोलावतात तसं, मऊ. आई तर स्वयंपाकघरात तोंडावर पदर दाबून उभ्या होत्या, मला त्या दिसत होत्या.

"बाबा," मी म्हटलं, "त्याला जा म्हणा. नुसतं जा. दुसरं काही नका बोलू."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ज्या लेकराचं नाव चार वर्षांत घेतलं नाही, त्याला दारातून 'जा' म्हणायचं होतं. त्यांनी दोनदा तोंड उघडून मिटलं. त्यांची जीभ पुन्हा घसरेल, भलताच शब्द निघेल, अशी मला भीती वाटली.

त्यांनी कपाळ पत्र्याला टेकवलं.

"जाय, बाबू," ते म्हणाले. "आमी बरे आहोत. तू जाय. पळ."

पाठ जरा वेळ तशीच राहिली. मग डप्प झालं. पत्रा सरळ झाला. फटीतली उन्हाची रेघ परत आत पडली. फरशीवरून पाय धावले. टप्, सर्र, टप्, सर्र. या वेळी सुलटे. त्यांच्यामागं मोठा वारा जावा तसं काहीतरी गेलं. पऱ्हाटीत एक लांब चरचराट झाला आणि मग काहीच ऐकू आलं नाही.

बाबा तसेच दाराला कपाळ लावून उभे होते. शेखरची गाडी आली, त्यानं दार वाजवलं, आमची नावं घेतली, तरी ते हलले नाहीत. कडी मीच काढली.

८

आता आम्ही सगळे खामगावला राहतो. जिनिंगजवळ दोन खोल्या घेतल्या आहेत. वावर दुसऱ्याला बटईनं कसायला दिलं. पऱ्हाटीत एक रुंद पट्टा उलथून पडलेला शेखरनं पाहिला. रानडुकरं म्हणाला. मीही हो म्हटलं. कुत्रं सापडलं नाही.

बाबा आता नीट बोलतात. फक्त थोडं कमी बोलतात. एकदा त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, मी बरोबर केलं ना?" मी "हो, बाबा" म्हणाले. मला माहीत नव्हतं.

आई मात्र त्या दिवसापासून आमच्याशी बोलल्या नव्हत्या. जेवायला बोलावलं की येत, जेवून भिंतीला टेकून बसत. पोराला दारातून हाकललं म्हणून त्या आम्हाला कधी माफ करणार नाहीत, असं मी धरून चालले होते. त्यांच्या जागी मीही केलं नसतं.

परवा दुपारी मी मेथी निवडत होते. त्या उठल्या, माझ्यासमोर येऊन बसल्या आणि माझ्या ताटातली एक काडी उचलून पानं खुडू लागल्या.

"तुमी त्याले जाय म्हटलं, थे बरं केलं," त्या म्हणाल्या.

माझा हात थांबला.

"म्या खिडकीतून पाह्यलं. थो मले बोलावून नव्हता राह्यला. तू खरं सांगत होतीस, बाई." त्यांनी दुसरी काडी घेतली. बोटं नीट चालत होती. "त्याची पाठ होती आपल्याकडं. अन् त्याच्यासमोर जे होतं ना, त्याचं तोंड आपल्याकडं होतं."

मी ताट बाजूला सरकवलं. 

"माहंच तोंड," आई म्हणाल्या.

 बाहेर गल्लीत बाया नळावर पाणी भरत होत्या. मग आई म्हणाल्या, "या खिडकीले पडदा काऊन नाई लावला अजून?"

मी उठले, माझी ओढणी काढली आणि दोन खिळ्यांना बांधून खिडकी झाकली.